मोहोर लावलेले इंजिन आणि उत्तम मिस्त्रींचे हात

लिहून देणार : दिगंबर अर्जनवीस, वय पन्नाशीच्या पुढे, शिक्षण आठवी पास व नववीत काही महिने, धंदा अर्ज-दरखास्ती लिहिणे, बैठक तहसीलच्या कुंपणाबाहेर लिंबाखाली, सोनपेठ, जिल्हा परभणी.

ज्यांच्याविषयी : उत्तम मिस्त्री, धंदा मोटारसायकल दुरुस्ती, पूर्वी राहणार सोनपेठ, हल्ली मुक्काम मुलाकडे, पुणे.

विरुद्ध पक्ष : बाबूमियाँ मिस्त्री, धंदा तोच, दुकान समोरासमोर.

वादाची वस्तू : मुंजाजी दूधवाले यांच्या मोटारसायकलीच्या इंजिनातील रॉकर, नग दोन, पैकी एक मोडलेला.

साक्षीदार : सदर मुंजाजी, उत्तम मिस्त्रींच्या पत्नी कौसाबाई, तसेच बाजाराला आलेली बरीच माणसे, ज्यांची नावे जागेअभावी देता येत नाहीत.

घटनेचा काळ : गेल्या उन्हाळ्यातील एका आठवडी बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत.

कोणत्याही फिर्यादीत प्रथम माणसाची ओळख पटवावी लागते. सरकारी कागदावर त्यासाठी गालावरचा तीळ किंवा कपाळावरची खोक चालते. उत्तम मिस्त्रींच्या बाबतीत ओळखीची खूण एकच सांगता येईल आणि ती म्हणजे त्यांचे हात. माणूस उंच, कोरडा, मान किंचित पुढे काढलेली. त्यांना बसलेले मी फारसे पाहिले नाही. चहा उभ्याने, भाकरी उभ्याने, भांडण तर चालता चालता. शरीर एखाद वेळी थांबे, हात मात्र थांबत नसत. समोर जे असेल ते उघडायचे, आत पाहायचे, पुन्हा बंद करायचे. बंद करताना एखादा स्क्रू उरलाच, तर तो कंपनीनेच जास्तीचा दिला होता असे ते खात्रीने सांगत.

माझ्या टेबलाजवळ येऊन "काय मुनशी, कुनाला कोर्टात वढायलाव?" एवढे विचारून होईपर्यंत माझ्या शिक्क्यांच्या पेटीचे बिजागर त्यांच्या तळहातावर आलेले असे.

"मिस्त्री, पेटी कशाला उघडली?"

"ढिली हाय."

"ती माझ्या वडिलांच्या काळापासून ढिली आहे."

"मंग? तुमच्या वडलानं बगितलं न्हाई, तुमीबी बगितलं न्हाई. कुनीतरी बगाया पायजे का न्हाई?"

त्यांनी हात लावलेली प्रत्येक वस्तू सुधारलीच, असे मात्र मी लिहून देणार नाही. खोटी साक्ष मी आजवर लिहिली नाही आणि मित्रासाठीही लिहिणार नाही. कोपऱ्यावरच्या चहाच्या हॉटेलातले घड्याळ मागे पडते, म्हणून एके दिवशी त्यांनी ते भिंतीवरून उतरवले आणि गिऱ्हाइकांच्या देखत साफ केले. त्यानंतर ते घड्याळ पुढे धावू लागले. लोक अर्धी कपबशी टाकून गंगाखेडच्या बससाठी पळत आणि स्टँडवर ऊन खात उभे राहत. हॉटेलवाल्याने जाब विचारला, तेव्हा उत्तम मिस्त्री म्हणाले, "मागं पडत होतं तवा तुमी म्हनायचे, आळशी हाय. आता पळायलंय तर पळू द्या की!"

स्वतःचे चुकले हे त्यांना मान्य करता येत नसे. माझ्या मते हा त्यांचा स्वभावदोष होता आणि या प्रकरणाची सुरुवातही त्यातूनच झाली.

त्याआधी स्वभावाचा आणखी एक दाखला देतो. त्यांच्या पुतणीचे लग्न बुद्ध विहाराच्या अंगणात होते. मी निमंत्रितांपैकी होतो. सगळे वंदनेला हात जोडून उभे राहिले. उत्तम मिस्त्रीही पांढऱ्या सदऱ्यात हात जोडून पुढच्या रांगेत उभे होते. वंदना अर्ध्यावर आली आणि त्यांची मान मांडवामागे जनरेटर घरघरत होता तिकडे वळली. मग एक खांदा वळला. मग रांगेत त्यांची जागा रिकामी दिसली. थोड्या वेळाने लाउडस्पीकर बंद, पंखे बंद, नवरदेवाच्या गळ्यावरून घामाच्या धारा.

"जनरेटर का बंद केला हो?" वरपक्षाचा एक माणूस ओरडला.

"ठेका चुकायला होता त्याचा," मांडवामागून आवाज आला. "अजून जरा चालला असता तर बसला असता."

कौसाबाई बायकांच्या घोळक्यातूनच म्हणाल्या, "बसू द्यायचा की! आमच्या लग्नात बी असंच. फोटोवाला फोटो काढायला आणि हे त्याचा कॅमेरा मागायले. आमचा जोडीचा फोटोच न्हाई घरात."

मांडव हसला. वरपक्षालाही हसावे लागले.

त्यांची ऐकण्याची पद्धतही नमूद करण्यासारखी आहे. चालू इंजिनावर ते लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक टेकवत, त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावत आणि डोळे मिटत. तेवढाच वेळ त्यांचे हात स्थिर असत. गाडीचा मालक काही सांगू लागला की म्हणत, "तू गप. तू काय सांगनार? तू तर तिच्यावर बसतोस."

आता मूळ प्रकरण.

मुंजाजी गोदाकाठच्या खेड्यांतून दूध गोळा करून मोटारसायकलीवरून सोनपेठच्या संकलन केंद्रावर आणतात. दोन्ही बाजूंना कॅन लटकवले की नदीकडून वर येणाऱ्या चढावर गाडीची दमछाक होई आणि मुंजाजी पोचण्याआधी केंद्राचा टेम्पो निघून जाई. पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या भाच्याने यावर उपाय म्हणून शर्यतीच्या गाड्यांत वापरतात तसला कॅम पाठवून दिला.

वाचकांपैकी सर्वांनाच इंजिनाचे ज्ञान असेल असे नाही, म्हणून मला समजले तसे सांगतो. कॅम हा इंजिनातील साहेब आहे. तो फिरतो आणि हुकूम सोडतो. रॉकर हा शिपाई. एका टोकाला तो हुकूम घेतो आणि दुसऱ्या टोकाने व्हॉल्व्ह नावाचे दार उघडतो. मुंजाजींच्या भाच्याने पाठवलेला कॅम जास्त कडक साहेब होता. तो दार अधिक उघडायला लावी आणि अधिक वेळ उघडे ठेवी. आता प्रश्न असा, की साहेब बदलला तर शिपाईही बदलावा की जुन्याच शिपायावर काम भागेल? भाच्याचे म्हणणे होते की टोकाला फिरती चकती असलेले नवे रॉकरही मागवावेत, म्हणजे घासण कमी होते. हाच प्रश्न घेऊन मुंजाजी बाजाराच्या दिवशी आमच्या चौकात आले आणि दोन्ही दुकानांच्या बरोबर मध्ये गाडी उभी करून त्यांनी तो मोठ्याने विचारला. हे त्यांनी करायला नको होते.

"काही गरज न्हाई," उत्तम मिस्त्री म्हणाले. "ताकद कॅमची. रॉकर नुसता हमाल हाय. हमालाला कुनी नवे कपडे शिवतं का?"

रस्त्याच्या पलीकडून बाबूमियाँनी हातातले प्लग पुसत उत्तर दिले, "शिवत न्हाईत, मगर त्याच्या पाठीवर डबल पोतं टाकलं तर पाठ बी बगाया लागते. जुना रॉकर ह्या कॅमवर घासून जाईल. मुंजाजी, रोलरवाले मागव. आनि ऐक, हा कॅम जोरात पळायला बनलेला हाय, हळूहळू वझं वढायला न्हाई. तुला खरं तर मागच्या चाकाची, साखळीची चक्रीच बदलायला पायजे होती."

"तुला काय कळतं कॅममधलं?" उत्तम मिस्त्री.

"तुझ्याच बाजूला बसून शिकलो ना उस्तादकडं. जितकं तुला कळतं तितकंच कळतं. फरक एकच, मी उघडलेलं बंद बी करतो."

लोक हसले. ते हसणे उत्तम मिस्त्रींच्या जिव्हारी लागले, असे मी समोरून पाहिले. ते रस्ता ओलांडून मधोमध आले.

"जुन्याच रॉकरवर चालवून दावतो. ह्या बाजारापासून फुडल्या बाजारापत्तोर, कॅन लादून, रोजचा चढ. न्हाई चालला तर पाना हातात धरनार न्हाई पुन्यांदा. पोरगा बोलवायलाच हाय, पुन्याला जाऊन बसतो."

"आनि चालला तर?"

"तर तुझ्या दुकानावर पाटी लावायची : उत्तम मिस्त्रीचा चेला."

"मंजूर. मगर यार, तुझे हात मला ठाऊक हायेत," बाबूमियाँ म्हणाले. "मधीच जाऊन गुपचूप रॉकर बदलशील. तुला सवतःला बी पत्ता लागनार न्हाई."

तेव्हा उत्तम मिस्त्री माझ्याकडे वळले. "मुनशी, इकरार लिहा. आनि मोहोर लावा इंजिनाला. कोनत्याबी कारनानं उघडायचं न्हाई, असं लिहा. कोनत्याबी!"

मी त्यांच्या शब्दांप्रमाणे लिहिले. नवा कॅम व जुने रॉकर त्यांनी सर्वांसमक्ष बसवले, मापाच्या पातळ पट्टीने टॅपेटची गॅप मोजून घेतली, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये जी बारीक फट ठेवावी लागते ती. मग झाकणांवर मी लाख लावली. गाडी चालू करताच इंजिन तापले आणि माझ्या नावाची मोहोर वितळून मुंजाजींच्या बुटावर पडली. तेव्हा उत्तम मिस्त्रींनीच झाकणांच्या बोल्टांना बारीक भोके पाडली, सगळ्यांतून एकच तांब्याची तार ओवली, ती वर चेसीपर्यंत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापर्यंत, नेली आणि तिथे, जिथे ऊब पोचत नाही अशा जागी, गाठीवर मी पुन्हा लाख लावली. काम इतके नेटके झाले की बाबूमियाँनीही मान डोलावली. स्वतःला कुलूप घालण्याची व्यवस्था त्या माणसाने स्वतःच्या हातांनी केली होती.

पहिले दोन दिवस गाडीने नाव काढले. सुरुवातीला अडखळे, पण एकदा वेग धरला की चढ संपेपर्यंत दम घेत नसे. मुंजाजी खूष. "मिस्त्री, दूध फेसाळायच्या आधीच मी पोचायलोय," असे ते ओरडून जात. उत्तम मिस्त्री बाबूमियाँच्या दुकानाकडे पाहत मोठ्याने विचारत, "पाटीला रंग कोनता द्यायचा रे?"

त्यानंतरच्या सकाळी गाडी चौकातून गेली आणि तिच्या आवाजात एक बारीक टक्-टक् मिसळलेली होती. मला ती कदाचित ऐकू आली नसती. मी उत्तम मिस्त्रींकडे पाहत होतो म्हणून कळली. हातातल्या दुसऱ्या गाडीचा नट त्यांनी तसाच सोडला आणि मान वळवली.

टॅपेट ढिले झाले होते. नवा कॅम बसवला की थोडा चालवून गॅप पुन्हा घ्यावी लागते, हे त्या दोघांनाही पाठ होते. रागाच्या भरात दोघांच्याही ध्यानात राहिले नव्हते. आता गॅप वाढली की रॉकर कॅमला धरून न चालता त्याच्यावर आपटतो. घ्यायला वेळ किती? एक चहा निवेपर्यंत काम होते. परंतु त्यासाठी झाकण उघडावे लागते, आणि झाकणाला तार होती, आणि तारेला माझी मोहोर.

पुढचे दिवस मी विसरू शकत नाही. दर सकाळी ती टक्-टक् थोडी मोठी होऊन चौकातून जाई. ती जवळ येऊ लागली की उत्तम मिस्त्री दुकानाच्या मागे जात, आणि ती गेली की पुढे येत. गिऱ्हाइकाच्या ज्या गाडीचे फक्त ब्रेक करायचे, तिचे त्यांनी कार्बुरेटरही उघडले. हॉटेलवाल्याचा स्टोव्ह उघडला. तहसीलच्या बाहेरचा हातपंप उघडून ठेवला, तेव्हा बायका घागरी घेऊन भांडायला आल्या. माझी खुर्ची त्यांनी इतकी आवळली की ती उचलता येईना. एकदा मी पाहिले, ते काहीच न उघडता उभे होते आणि उजव्या हाताची बोटे डाव्या हाताने धरून ठेवली होती.

कौसाबाई माझ्याकडे आल्या. "मुनशीदादा, ती मोहोर काढा हो. घरात एका भांड्याला मूठ राहिली न्हाई. कूकरची शिट्टी बी खोलून ठेवली. जेवत न्हाईत, बोलत न्हाईत. नुसतं फिरायलेत इकडून तिकडं."

"वहिनी, दोन्ही पक्ष तयार असतील तर मी आत्ता काढतो."

मी स्वतः रस्ता ओलांडून बाबूमियाँकडे गेलो. ते क्षणभरही अडले नाहीत. हात पुसत सरळ समोरच्या दुकानात शिरले.

"उत्तम, खोल. गॅप घे आनि बंद कर. मी समोर उभा ऱ्हातो. माझं काही म्हननं न्हाई."

"तुझं न्हाई. गावाचं असंल."

"गावाला काय घेनं हाय रे?"

"बाजारात हासले ते. 'उघडल्याशिवाय करमत न्हाई त्याला,' म्हनून हासले. तूच हासवलंस." त्यांचे हात त्या वेळी खिशात होते. "एकदा तरी बगू द्या, उत्तम न उघडता ऱ्हातो का न्हाई."

"हौला हायेस तू, पुरा येडा. इंजिन तुटंल त्याच्यापायी."

"तुटंल तर तुटंल. तुझंच म्हननं खरं व्हईल. तुला काय?"

बाबूमियाँ बाहेर येऊन माझ्या टेबलाशी उभे राहिले. मग म्हणाले, "मुनशी, मी बोलायला नको होतं हातावरून."

बाजाराच्या आदल्या दिवशी, ऊन कलले असताना, मुंजाजी गाडी ढकलत चौकात आले. चढाच्या मध्यावर आवाज होऊन इंजिन बंद पडले होते. दूध त्यांनी एका ऑटोत घालून केंद्रावर पाठवले होते. माणसे जमली. मी मोहोर शाबूत असल्याची खात्री करून घेतली, साक्षीदारांना दाखवली आणि सर्वांसमक्ष तोडली. उत्तम मिस्त्रींनी झाकण उघडले. आत येणाऱ्या हवेच्या बाजूचा रॉकर दोन तुकडे होऊन पडला होता.

मी वाट पाहत होतो की ते म्हणतील, गॅपमुळे मोडला. चौकातला प्रत्येक गाडीवाला हे समजून होता. एरवी घड्याळाचा दोष घड्याळावर आणि जनरेटरचा दोष जनरेटरवर टाकणारा हा माणूस. या एका वेळी खरेच सांगण्यासारखे कारण त्यांच्याजवळ होते. त्यांनी तुकडे तळहातावर जुळवून पाहिले, बाबूमियाँच्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "मोडला. तू जिंकलास."

मग त्यांनी रॉकेलने हात धुतले, नंतर साबणाने, नंतर पुन्हा साबणाने. दुकानाचे शटर ओढले.

पुढच्याच आठवड्यात नवरा-बायको पुण्याला निघाले. स्टँडवर पोचवायला मी होतो, मुंजाजी होते. बाबूमियाँ आले नव्हते. ते रस्त्यापलीकडे रसाच्या गुऱ्हाळाआड उभे असल्याचे मला दिसत होते. बस चालू होऊन उभी होती. ड्रायव्हर ओळखीचा. त्याने खिडकीतून मान काढून हाक दिली, "मिस्त्री, बरं झालं भेटलात. जरा ऐकून बगा की, सकाळपासून कायतरी वाजायलंय." उत्तम मिस्त्री आत खिडकीशी बसले होते. होय, बसलेले होते. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि तोंड दुसऱ्या बाजूला फिरवले. ड्रायव्हरने पुन्हा हाक मारली. कौसाबाईंनी त्याला हातानेच गप राहायला खुणावले. बस निघाली. मी त्यांना शेवटचे पाहिले ते असे.

त्यानंतर एकदा मी फोन केला. ते म्हणाले, "मुनशी, लिहिलं ते लिहिलं." मग विचारले, "मुंजाजीची गाडी..." आणि फोन कौसाबाईंकडे गेला. त्या म्हणाल्या, "हितं सगळं नवं हाय दादा, उघडाया काहीच न्हाई. गॅलरीत हुबे ऱ्हातेत आनि खालच्या गाड्या ऐकतेत. परवा लिफ्टपाशी घुटमळायले होते. वाचमननं हाकललं."

सबब, वरील सर्व हकिकत ध्यानात घेऊन, मी उत्तम मिस्त्री यांना या जाहीर लेखाद्वारे कळवतो ते येणेप्रमाणे. सदर इकरारातील वाक्य रॉकर गुपचूप बदलला जाऊ नये यासाठी घातले होते, ढिले टॅपेट आवळू नये यासाठी नव्हे. मसुदा माझ्या हातचा आहे. त्यामुळे त्याचा अर्थ सांगण्याचा पहिला अधिकार माझा आहे आणि तो मी वर सांगितला आहे. गॅप न घेता घेतलेली परीक्षा ही परीक्षाच नव्हे. त्याच कॅमवर, तेवढेच दिवस चाललेला दुसरा रॉकर बाबूमियाँनी भिंगाखाली तपासला असून त्याच्यावर ओरखडाही नाही. म्हणजे आपले म्हणणे खोटे ठरलेले नाही. बाबूमियाँचेही खरे ठरलेले नाही, आणि ते स्वतः तसे लिहून देण्यास तयार आहेत. जो पक्ष जिंकला असे आपण म्हणता, तोच पक्ष जिंकणे नाकारत असताना आपण हरलो असे एकट्याने ठरवता येत नाही.

मुंजाजींनी तूर्त भावाची गाडी घेतली आहे. त्यांची गाडी बाबूमियाँच्या दुकानात झाकून ठेवलेली आहे. चकतीवाले रॉकर पुण्याहून आले आहेत. जुन्या जातीचा नवा जोडही आणून ठेवला आहे. यांपैकी कोणता बसवावा, हे दुसरा पक्ष हजर असल्याशिवाय ठरवणार नाही, असे बाबूमियाँचे म्हणणे आहे. गिऱ्हाइके त्यांना नावे ठेवत आहेत. ते ऐकून घेतात.

तरी मेहेरबानी करून आपण कोणत्याही बाजाराच्या दिवशी समक्ष हजर राहून आपली बाजू मांडावी. येणे अगदीच होत नसेल, तर या कॅमला टॅपेटची गॅप किती ठेवावी, एवढे तरी उलट टपाली कळवावे. बाबूमियाँना ती ठाऊक आहे. तरीही ही विनंती अर्जात अवश्य घालावी, असे त्यांनी मला दोनदा येऊन सांगितले आहे.

उत्तराची वाट पाहत आहोत. कळावे.

सही : दिगंबर अर्जनवीस
सही : बाबूमियाँ मिस्त्री, विरुद्ध पक्ष, या अर्जास पूर्ण सहमत